न्यायमूर्तींचं नाव आणि निकालाची कारणं

श्रोतेहो, एखादा गाजलेला खटला सुरू झाला की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न येतो, ‘न्यायाधीश कोण आहेत?’ आडनाव कळलं की जात कळते, धर्म कळतो आणि निकाल काय लागणार हेही लोक तिथंच ठरवून टाकतात. मी कवी माणूस, कायद्याचा अभ्यासक नव्हे. पण मराठीत लिहिणारा मुसलमान असल्यामुळं नावावरून माणसाचा निकाल लावणं म्हणजे काय, याचा अनुभव मला आहे. म्हणून आज मुंबई हायकोर्टातल्या दोन जामीनअर्जांची हकिगत सांगतो.

१८९७ साली ‘केसरी’तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. जामिनाचा अर्ज न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढं आला. चारच वर्षांपूर्वी मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल होऊन गेली होती. न्यायमूर्ती मुसलमान, टिळकांना काय मिळणार, असं कुणी म्हणू शकलं असतं. हे तर १८८७ च्या काँग्रेसचे अध्यक्ष, टिळकांना सोडणारच, असंही म्हणता आलं असतं. तय्यबजींनी मुख्य प्रश्न पाहिला तो हा, की आरोपी खटल्याला हजर राहील ना? त्यांनी जामीन दिला आणि का दिला तेही सांगितलं.

तो अर्ज मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ साली हेच दावर न्यायमूर्तींच्या खुर्चीवर होते. पुन्हा टिळक, पुन्हा राजद्रोह, पुन्हा जामीनअर्ज. या वेळी टिळकांचे वकील होते बॅरिस्टर जीना. दावर यांनी अर्ज फेटाळला. कारणं न देणंच शहाणपणाचं, असं ते म्हणाले. पुढं सहा वर्षांची शिक्षा होऊन टिळक मंडालेला गेले.

आज वकीलवर्गात वाद आहे तो याच मुद्द्याजवळचा. न्यायमूर्तींनी एखाद्या प्रकरणातून कधी बाजूला व्हावं आणि झाल्यास कारण सांगावं का? आपले कुटुंबीय, जवळचे नातेवाईक किंवा मित्र गुंतलेले असतील ते प्रकरण ऐकू नये, असा दंडक सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींनी १९९७ साली स्वतःला घालून घेतला. २०१५ साली न्यायिक नियुक्ती आयोगाच्या प्रकरणात न्यायमूर्ती खेहर यांनी बाजूला व्हावं, अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही. त्याच प्रकरणात न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी मत मांडलं, की बाजूला होताना कारण सांगावं.

याच्या विरुद्ध बाजूही आहे. कारण सांगितलं की त्यावरच वाद सुरू होतो, खासगी गोष्टी चव्हाट्यावर येतात. शिवाय नको असलेले न्यायमूर्ती टाळण्यासाठी पक्षकार मुद्दाम आक्षेप घेतात. हे खरंच आहे. पण कारण गुलदस्त्यात राहिलं, की लोक आपापलं कारण शोधतात, आणि ते बहुधा आडनावात सापडतं.

न्यायमूर्ती कुठल्या तरी घरात जन्मणार, कुणाला तरी ओळखणार. ते टळणारं नाही. लिहिलेली कारणं मात्र तपासता येतात, वरच्या कोर्टात खोडता येतात, शंभर वर्षांनी वाचताही येतात. तेव्हा श्रोतेहो, यापुढं टपरीवर ‘न्यायाधीश कोण?’ असं विचारलं गेलं, तर आपण एवढंच विचारावं, ‘निकालात कारण काय दिलंय?’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)