आधी चिठ्ठी वाचा, मग टाके घाला



आजचा आपला विषय आहे विणायचा धागा. लोकर आणि कापूस एकत्र कातून केलेला धागा, आणि त्यावर एकाच रंगाच्या गडद-फिक्या छटा. असा धागा मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळतो. त्याचे स्वेटर होतात, टोपरी होतात, मोजे होतात.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आपला भंडारा जिल्हा धानाचा. आम्हाला लोकरीशी काय करायचे?" प्रश्न बरोबर आहे. त्याचेच उत्तर आधी पाहू या.

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस डोळ्यांपुढे आणा. धान खळ्यावर आलेले असते. राखणीला रात्री खळ्यावर निजावे लागते. पहाटे दव पडते. काही रात्री पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. दात कडकड वाजतात. आणि दुपारी बारा वाजता? ऊन चटके देते. सकाळी घातलेले गरम कपडे अंगाला नकोसे होतात. म्हणजे आपली थंडी पहाटेची आणि रात्रीची. दिवसभराची नव्हे.

अशा हवेत नुसती जाड लोकर दुपारी टोचते आणि उकडते. नुसता सुती कपडा पहाटेच्या दवात ओला झाला की अंग गारठवतो. दोन्ही एकत्र केले तर? लोकर ऊब धरते. ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास दमटपणा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. कापूस मऊ असतो, टोचत नाही, घाम टिपतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. चांगल्या संसारासारखेच आहे, म्हणा ना!

ही युक्ती नवी नाही. इंग्लंडात १८९४ साली 'विएला' नावाचे कापड प्रसिद्धीस आले. त्यात १०० भागांत ५५ भाग मेरिनो मेंढीची मऊ लोकर आणि ४५ भाग कापूस होता. त्याचे सदरे आणि झोपायचे कपडे लोक आवडीने वापरत.

आता घरचे उदाहरण घेऊ. आपल्या जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव, पवनी या गावांत कोष्टी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या माग चालवले. कोशाची करवतकाठी साडी तुम्ही पाहिली असेल. तिचे अंग कोशाचे. तिच्या काठाला सुती धागा. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. एका कापडात दोन जातींचे धागे सुखाने नांदवायचे, ही विद्या आपल्या मातीत जुनीच आहे.

दोन जाती म्हणजे काय? कोसा येतो किड्यापासून. हा किडा ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर वाढतो. लोकर येते मेंढीपासून. म्हणजे कोसा आणि लोकर या दोन्ही जिवांपासून आल्या. आपले केस आणि नखे ज्या जातीच्या पदार्थाची, त्याच जातीच्या त्या आहेत. कापूस मात्र झाडाचा. त्याचे नाते लाकडाशी आणि कागदाशी. हा भेद नीट ध्यानात ठेवा. पुढचे सारे यावरच उभे आहे.

रंगाची गोष्ट या भेदापासूनच सुरू होते. लोकर रंग पटकन धरते. कापूस सहजी धरत नाही. लोकरीसाठी कारखान्यात जे रंग वापरतात, त्यांतले पुष्कळ आंबट पाण्यात आणि उष्णतेने चढतात. त्याच पाण्यात कापूस बुडवला तर तो जवळजवळ पांढराच राहतो. कापसाचे रंग वेगळे. म्हणून लोकर आणि कापूस मिळून केलेला धागा एकाच भांड्यात घातला, तर लोकर गडद होते आणि कापूस फिका राहतो. दुरून रंग एकच दिसतो. जवळून पाहिले तर दोन छटा दिसतात. भांडे एक, रंग एक, पण धागे दोन, म्हणून छटाही दोन.

आणखीही एक रीत आहे. रंगारी मुद्दाम पाणी कमी घेतो. लडी जरा दाटीने ठेवतो आणि फार हलवत नाही. मग जिथे रंग जास्त पोचतो तिथे धागा गडद होतो, जिथे कमी पोचतो तिथे फिका. विणल्यावर तलावाच्या पाण्यावर ढगांची सावली सरकावी, तशी छटा दिसते. ही रंगाऱ्याची चूक नसते. ते त्याचे कसब असते.

हे ज्ञान पूर्वी गावच्या रंगाऱ्याला होते. आलीच्या मुळ्यांचा लाल रंग, हिरडा, तुरटी, नीळ ही त्याची सामग्री. मग १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने दगडी कोळशाच्या डांबरापासून निघालेल्या पदार्थातून जांभळा रंग काढला. १८६८ साली जर्मनीत मंजिष्ठेच्या जातीच्या झुडपाच्या मुळांतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला. डब्यांतले रंग बाजारात आले. ते स्वस्त होते, वापरायला सोपे होते. मुळ्या उकळणारे हात हळूहळू थांबले. रंग डब्यात आला, पण धाग्याचा स्वभाव काही बदलला नाही. लोकर ती लोकरच आणि कापूस तो कापूसच!

आता मुद्द्याचे बोलू. यात तुमचा पैसा आणि तुमची मेहनत कुठे अडकते, ते पाहा.

समजा, एका बाईने मुलासाठी स्वेटर विणायला घेतला. दुकानातून निळ्या धाग्याचे चार गुंडे आणले. दिवसभर शेतात काम, रात्री जेवणे आटोपल्यावर विणकाम. महिना गेला. पाठ झाली, पोट झाले, बाह्यांना धागा कमी पडला. ती पुन्हा दुकानात गेली. तोच निळा रंग पाहून दोन गुंडे घेतले. बाह्या विणल्या आणि पाहते तर काय? अंग एका निळ्याचे, बाह्या दुसऱ्या निळ्याच्या! महिन्याची मेहनत डोळ्यांना खटकू लागली.

असे का झाले? प्रत्येक गुंड्यावर एक चिठ्ठी असते. तिच्यावर रंगाचा नंबर असतो आणि लॉटचा नंबर असतो. एका वेळी एका भांड्यात रंगवलेला माल म्हणजे एक लॉट. भांडे बदलले की रंग थोडा बदलतोच. रंगाचा नंबर तोच असला तरी बदलतो. म्हणून दोन्ही नंबर सारखे आहेत की नाहीत, हे पाहूनच गुंडे घ्यावेत. लागतील तेवढे एकदमच घ्यावेत आणि एक जास्त घ्यावा.

छटांचा धागा असेल तर याहून जास्त जपावे. एका लॉटच्या दोन लडीही हुबेहूब सारख्या नसतात. त्यावर उपाय सोपा आहे. दोन गुंडे बरोबर चालवा. दोन ओळी एका गुंड्याने विणा, पुढच्या दोन ओळी दुसऱ्याने. मग छटा एकमेकींत मिसळतात आणि पट्टा दिसत नाही.

चिठ्ठीवर आणखी एक गोष्ट लिहिलेली असते, ती म्हणजे धागा कशाचा आहे. शंभरात लोकर किती, कापूस किती, ॲक्रिलिक किती. आपल्याकडे कोणत्याही विणायच्या धाग्याला सर्रास 'लोकर' म्हणतात. पण बाजारातली पुष्कळशी 'लोकर' मेंढीची नसतेच. ती ॲक्रिलिकची असते, म्हणजे कारखान्यात रसायनांपासून केलेली. ॲक्रिलिक वाईट असे आम्ही म्हणत नाही. ते हलके असते, स्वस्त असते, धुवायला सोपे असते. पण लोकरीचा दाम देऊन ॲक्रिलिक घरी आणणे, हे काही शहाणपण नव्हे.

आणि बाब एवढ्या पैशांचीच नाही. थंडीत आपली मुले शेकोटीभोवती बसतात. ठिणगी उडते. ॲक्रिलिकचा धागा पेटला की वितळतो आणि कातडीला चिकटतो. भाजलेली जागा खोल जाते. लोकर सहजी पेट घेत नाही आणि वितळत नाही. कापूस वितळत नाही, पण पेट मात्र लवकर घेतो. तेव्हा स्वेटर कोणताही असो, मूल जाळापासून हातभर दूरच बसवा. पण अंगात काय घातले आहे, हे आईबापांना माहीत असायलाच हवे.

चिठ्ठी नसेल तर काय करावे? धाग्याचा बोटभर तुकडा घ्या. तो चिमट्यात धरा. खाली थाळी ठेवा आणि जवळ पाण्याचा तांब्या ठेवा. मुलांना दूर करा. आता तुकडा दिव्यावर धरा. केस जळल्यासारखा वास आला आणि काळी राख बोटाने सहज चुरली, तर लोकर. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राखाडी राख उरली, तर कापूस. धागा वितळून कडक काळा मणी झाला, तर ॲक्रिलिक किंवा तसाच कारखान्यातला धागा. मिश्र धाग्यात खुणाही मिश्र दिसतात. मणी गार होईपर्यंत त्याला हात लावू नका, बरं का.

ज्यांना हौस आहे त्यांनी घरी छटा करून पाहाव्यात. आपल्या रानात पळस भरपूर. फाल्गुनात झाडे नुसती पेटल्यासारखी दिसतात. हिरडाही आपल्या जंगलात आहे. लोकर-कापसाचा पांढरा धागा १०० ग्रॅम घ्या. त्याची सैल लड करा आणि चार ठिकाणी सैल बांधा. २० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून लड रात्रभर भिजत ठेवा. हिरडा कापसासाठी हवा, त्याने कापूस रंग धरायला तयार होतो. सकाळी लड दाबून पिळा. मग १५ ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून लड त्यात तासभर ठेवा. दुसऱ्या भांड्यात पळसाची १०० ग्रॅम वाळलेली फुले तासभर उकळा आणि पाणी गाळून कोमट होऊ द्या. त्यात लड सोडा. मंद आचेवर तापवा, पण उकळी येऊ देऊ नका. अर्ध्या तासाने अर्धी लड काठीवर बाहेर टांगा आणि अर्धी आतच राहू द्या. आणखी अर्ध्या तासाने भांडे उतरवा. सारे गार झाल्यावरच लड धुवा. एकीकडे गडद पिवळा, एकीकडे फिका. झाला तुमचा छटांचा धागा!

भांड्याबद्दल एक सूचना. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. पण रंगाला पितळ आणि तांबे घेऊ नये, रंग पालटतो. लोखंडाची कढई तर नकोच. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. पूर्वी वह्या लिहायची शाई हिरडा आणि हिराकस यांचीच करीत. तेव्हा स्टीलचे भांडे घ्या आणि ते रंगासाठीच वेगळे ठेवा. त्यात पुन्हा स्वयंपाक नको. पळसाचा रंग उन्हात उडतो, म्हणून धागा सावलीत वाळवा.

धुण्याचेही तसेच. लोकर असलेला कपडा गरम पाण्यात घालून चोळला की तो आटतो आणि घट्ट होतो. गार पाणी आणि सौम्य साबण घ्या. पिळू नका, नुसते दाबा. दोरीवर टांगू नका. कापूस पाण्याने जड होतो आणि स्वेटर लोंबतो. खाटेवर पसरून सावलीत वाळवा.

मंडळी, चिठ्ठी बहुतेक इंग्रजीत असते. पण त्याला घाबरू नका. इंग्रजी आकडे तुम्ही नोटेवर पाहता, मोबाइलवर रोज दाबता. उरले फक्त चार शब्द. वूल म्हणजे लोकर. कॉटन म्हणजे कापूस. ॲक्रिलिक म्हणजे कारखान्याचा धागा. लॉट म्हणजे एका वेळी रंगवलेला माल. तुमच्या वर्गाच्या शिक्षकांना हे चार शब्द इंग्रजीत फळ्यावर लिहायला सांगा. वहीत उतरून घ्या. ते पान दुकानात बरोबर न्या आणि अक्षराशी अक्षर ताडून पाहा. दुकानदार घाई करील. करू द्या. पैसा तुमचा आहे, मेहनत तुमची आहे, आणि स्वेटर तुमच्या लेकराच्या अंगावर जाणार आहे.

ज्याला वाचता येत नव्हते, त्याला दुकानदाराच्या शब्दावर चालावे लागत होते. तुम्हाला आता वाचता येते. तेव्हा आधी चिठ्ठी वाचा, मग दाम मोजा, आणि मगच सुईवर टाके घाला.