उभ्या झाडाचे मोल



जैन दर्शनाने वनस्पतीलाही जीव मानले. आंबेगावातील आहुपे व जुन्नरमधील दुर्गावाडी या गावांनी वेगळ्या श्रद्धेतून तोच संयम आचरला. देवाच्या नावाने स्वतःवर घातलेल्या कुऱ्हाडबंदीमुळे तेथील देवराया पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. परंतु केवळ अधिकाराने वन टिकत नाही. हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळी कुटुंबाला रास्त भाव मिळाला, तरच उभे झाड तोडलेल्या झाडाहून मोलाचे ठरते. म्हणून आपल्या व्यापारी समाजाने मापात आणि भावात सचोटी राखावी. तीही अहिंसाच होय.

जय जिनेंद्र!