चार संधी, दहा यार्ड आणि मोठा पडदा



अमेरिकन फुटबॉलची ओढ मला सिनेमानं लावली. बंगळूरच्या ज्या भागात मी राहतो, तो एचएसआर लेआउट या खेळाच्या चाहत्याला सोयीचा आहे. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्यामधली ही वस्ती संगणक कंपन्या आणि स्टार्टअपची. इथल्या कितीतरी घरांत कॅलिफोर्नियाच्या घड्याळाप्रमाणे काम चालतं, त्यामुळे अवेळी जागं असण्याचं कुणाला नवल वाटत नाही. अमेरिकेतला रविवार दुपारचा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. त्यांचा रविवार रात्रीचा सामना म्हणजे आपली सोमवारची सकाळ, आणि वर्षाचा अंतिम सामना, सुपर बोल, आपल्याकडे फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. चहाचा कप हातात घेऊन तो पाहायचा आणि मग कामाला लागायचं.

आमच्या इमारतीतल्या एका काकांनी मला विचारलं होतं, "अहो, हे लोक सारखे थांबतात कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम 11 मिनिटं. बाकीचा वेळ माणसं उभी असतात, घोळका करतात, पुन्हा रांगेत येतात. पण माझ्या मते खरा खेळ या थांबण्यातच आहे.

नियम थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे, त्यांना चार संधी मिळतात. त्या चार संधींत दहा यार्ड पुढे सरकलं, की पुन्हा नव्या चार संधी. नाही सरकलं, तर चेंडू समोरच्याला. असं इंच-इंच लढत शेवटच्या रेषेपार जायचं. एक चाल संपली की दुसरी सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात. तेवढ्यात प्रशिक्षक पुढची चाल ठरवतो आणि क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू हाती घेऊन खेळ चालवणाऱ्या खेळाडूला, ती सांगतो. 1994पासून त्याच्या हेल्मेटमध्ये चक्क रेडिओ बसवलेला असतो. चाळिसातले पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो, आणि पुढचं सगळं त्या एकट्या माणसावर. रेडिओवरून बोलताना ही गोष्ट सांगायला मला विशेष आनंद होतो.

म्हणजे बघा, प्रत्येक चाल आधी लिहिलेली असते. कुणी कुठे धावायचं, कुणी कुणाला अडवायचं, हे आठवडाभर घोटलेलं असतं. मग 'ॲक्शन' म्हटल्यासारखा चेंडू मागे येतो आणि समोरचे अकरा जण ती लिहिलेली गोष्ट उधळून लावायला धावतात. सिनेमावर प्रेम करणाऱ्याला याहून वेगळं काय हवं?

आणि या खेळाचं सिनेमाशी नातं खरोखरच जुनं आहे. फिलाडेल्फियात एड सेबल नावाचे गृहस्थ होते. ओव्हरकोट विकण्याचा त्यांचा व्यवसाय. लग्नात भेट मिळालेल्या कॅमेऱ्यानं ते घरच्यांचं चित्रण करत, मुलाचे शाळेतले सामने टिपत. त्यांनी 1962च्या अजिंक्यपद सामन्याच्या चित्रीकरणाचे हक्क विकत घेतले. 30 डिसेंबर, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, हाडं गोठवणारा वारा. ग्रीन बे पॅकर्सनी न्यूयॉर्क जायंट्सना 16-7 असं हरवलं आणि सेबलनी ते फिल्मवर घेतलं. पुढे त्यांची कंपनी या खेळाच्या मुख्य व्यावसायिक लीगनंच, म्हणजे एनएफएलनं, विकत घेतली आणि ती एनएफएल फिल्म्स झाली. एड आणि त्यांचा मुलगा स्टीव्ह यांनी सामन्याला चित्रपटाची भाषा दिली. संथ गतीत फिरत येणारा चेंडू, चिखलानं माखलेले हात, श्वासाची वाफ, मागे वाद्यवृंद आणि निवेदक जॉन फॅसेंडा यांचा खर्जातला आवाज. आज कुठल्याही खेळाचे 'हायलाइट्स' पाहताना आपल्याला जे सवयीचं वाटतं, त्यातलं पुष्कळसं या बापलेकांनी घडवलेलं आहे. दोघांनाही या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.

खेळावरच्या कथापटांत माझा आवडता 'इन्व्हिन्सिबल', 2006चा. व्हिन्स पपाली हा बदली शिक्षक, बारमध्ये काम करणारा, तिशीचा माणूस. 1976 साली फिलाडेल्फिया ईगल्सचे प्रशिक्षक डिक वर्मील यांनी त्याला संघात घेतलं. ही घडलेली गोष्ट आहे. पडद्यावर पपाली झालेला मार्क वॉलबर्ग पुढे भारतात सुरू झालेल्या एलिट फुटबॉल लीगच्या पाठीराख्यांमध्ये होता. पपालीबरोबर ईगल्समध्ये खेळलेला क्वार्टरबॅक रॉन जॉवोर्स्कीसुद्धा होता. 2012च्या त्या पहिल्या हंगामात आमच्या शहराचा संघ होता बंगळूर वॉरहॉक्स, आणि पुण्याचा पुणे मराठाज. बालेवाडीच्या क्रीडासंकुलातही सामने झाले. रग्बी, कबड्डी, ॲथलेटिक्समधून आलेल्या मुलांनी हेल्मेट चढवली, आणि पहिलं विजेतेपद पुण्यानं मिळवलं. पुढे ती लीग रुजली नाही याची मला हळहळ वाटते. कबड्डीत वाढलेल्या पोराला हा खेळ परका नाही. मध्यरेषा आणि तिच्यापलीकडची जमीन, अंगावर येणाऱ्याला रोखणं, पकड, साखळी, हे सगळं त्याच्या अंगात असतं.

एक मराठी नाव तर या खेळात फार वर गेलं आहे. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स या संघाचे पराग मराठे. 2001च्या सुमारास ते एका सल्लागार कंपनीत होते. नव्या खेळाडूंच्या निवडीत कितव्या क्रमांकाच्या निवडीचं मोल किती, हे गणितानं ठरवण्याचं काम त्या कंपनीकडे आलं आणि तिथून ते थेट संघात गेले. बिल वॉल्श यांच्यासारखा थोर प्रशिक्षक तेव्हा संघाचा कारभार पाहत होता. मराठे पुढे खेळाडूंशी करार ठरवणारे प्रमुख झाले. निवडीच्या क्रमांकांची देवघेव किती रंगतदार असते हे पाहायचं असेल तर केविन कॉस्टनरचा 'ड्राफ्ट डे' पाहा. आणि गणिताच्या पलीकडलं पाहायचं असेल तर फॉर्टीनाइनर्सचाच ब्रॉक पर्डी. 2022च्या निवडीत तो सगळ्यात शेवटचा, 262वा. फेब्रुवारी 2024च्या सुपर बोलमध्ये संघाचा क्वार्टरबॅक तोच होता. कॅन्सस सिटीनं जादा वेळेत 25-22 असा सामना घेतला. तो सोमवार मला जड गेला.

अलीकडच्या चित्रपटांपैकी '80 फॉर ब्रेडी'बद्दल आवर्जून सांगायचं आहे. 2023चा हा सिनेमा. वयस्क मैत्रिणींची चौकडी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा खेळ पाहायला ह्यूस्टनच्या सुपर बोलला निघते. लिली टॉमलिन, जेन फोंडा, रिटा मोरेनो, सॅली फील्ड अशा चार दिग्गज अभिनेत्री. तो सामनाही खराच, फेब्रुवारी 2017चा. ब्रेडीचा संघ 28-3 असा मागे पडला होता आणि जादा वेळेत 34-28 असा जिंकला. गंमत म्हणजे हा सिनेमा आला त्याच वर्षी, 2023च्या जूनच्या अखेरीस, आपल्याकडे केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणी. महाराष्ट्रात बायका नऊवारी नेसून, गट करकरून थिएटरात गेल्या. दोन्ही चित्रपटांत घरच्यांना वाटतं, या वयात हे काय? आणि दोन्हीकडे बायका उत्तर देत बसत नाहीत, निघतात. मला मराठी सिनेमा अधिक खोल वाटला, कारण त्यात बहिणींमधली जुनी दुखणी आहेत. अमेरिकन सिनेमा हलका आहे, पण चाहत्याचं मन त्यानं बरोबर ओळखलं आहे. खेळाडू आपल्याला ओळखतही नाही, तरी त्याच्या हरण्यानं आपल्या घरात शांतता पसरते.

आता एक गंभीर गोष्ट. 2015च्या 'कन्कशन'मध्ये विल स्मिथनं डॉक्टर बेनेट ओमालू यांची भूमिका केली आहे. पिट्सबर्गचे खेळाडू माइक वेब्स्टर 2002 साली वारले. ओमालूंनी त्यांचा मेंदू तपासला आणि वर्षानुवर्षांच्या धडकांनी झालेली हानी जगापुढे मांडली. लीगला ते मान्य करायला फार वेळ लागला. या खेळावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकानं हा चित्रपट पाहावा असं मला वाटतं. पडद्यावर सुंदर दिसणारी धडक कुणाच्या तरी डोक्यात साठत जाते, हे माहीत असताना मी टाळी वाजवायला थांबतो.

म्हणूनच मला फ्लॅग फुटबॉलची मोठी आशा आहे. पाच-पाच खेळाडू, कमरेला दोन पट्ट्या. समोरच्याला पाडायचं नाही, पट्टी ओढली की चाल संपली. डावपेच, फेकी, झेल, पळापळ सगळं तसंच राहतं. हा खेळ 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला दोघांसाठी असणार आहे, आणि तो निर्णय झाला आपल्या मुंबईत, ऑक्टोबर 2023मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. त्याच बैठकीत क्रिकेटही परत आलं, म्हणून आपल्या वर्तमानपत्रांत क्रिकेटचाच मथळा झाला आणि ही बातमी खाली राहिली.

या खेळाला ना हेल्मेट लागतं, ना मोठं मैदान. चेंडू, दहा पट्टे आणि नियम समजावणारा एक क्रीडाशिक्षक पुरे. बंगळूरमध्ये, पुण्यात, सांगली-कोल्हापुरात कबड्डी खेळणाऱ्या मुलींच्या हातात तो चेंडू द्यावा, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतला मुख्य हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. तुम्ही पहिल्यांदाच पाहणार असाल, तर आधी एका संध्याकाळी घरच्यांबरोबर 'इन्व्हिन्सिबल' पाहा, आणि मग रविवारी रात्री सामना लावा.