जकात : नाक्यावरची आणि घरातली

आमच्या ट्रॉम्ब्याहून पनवेलच्या दिशेने निघाले की मानखुर्दचा जकात नाका लागायचा. 2017 साली वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात बंद झाली. तरी जकात म्हटले की मराठी माणसाला ट्रकांची रांगच आठवते! शब्द एकच, अरबीतून आलेला. पण मुसलमानाची जकात नाक्यावर कोणी वसूल करीत नाही. तिचा हिशेब ज्याने त्याने घरी बसून करायचा.

कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज ही आमची पाच मूलभूत कर्तव्ये. पहिली तीन गरिबालाही आहेत, अर्थात सवलतींसह. उभे राहवत नसेल त्याने बसून नमाज पढावी, आजाऱ्याने रोजे नंतर भरून काढावेत. जकात आणि हज मात्र ऐपत असेल त्यालाच. कर्ज काढून हजला जा, असे धर्म सांगत नाही.

जकातीची ऐपत म्हणजे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची शिल्लक. देणी वजा जाता ती चांद्र वर्षभर राहिली, तर शेकडा अडीच द्यायचे. यातला तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा, सराफाचा आजचा 10 ग्रॅमचा नव्हे. म्हणजे सोने 87.48 ग्रॅम, चांदी 612.36 ग्रॅम. पैगंबरांच्या काळी दोन्हींचे मोल जवळपास सारखे होते. आज चांदी त्या मानाने फारच स्वस्त. ती धरली तर धुणीभांडी करून मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवणारी बाईही देणाऱ्यांत मोजली जाते. गरिबांना जास्त मिळावे म्हणून बरेच उलेमा चांदीच धरतात. मला त्या बाईची काळजी वाटते.

दागिन्यांचे आणखी वेगळे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मताचे. रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर आमच्यात सहसा जकात धरत नाहीत. हनफी मतात धरतात. 1976 साली जनता कॉलनी उठवून लोकांना आमच्या इथल्या चिता कॅम्पमध्ये आणले. तिथे नाना प्रांतांची माणसे भिंतीला भिंत लावून राहतात. दोन शेजारणींचे हिशेब वेगळे निघाले, तरी दोन्ही बरोबर असू शकतात.

जकात कोणाला द्यावी हे कुराणाच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहे. गरीब, गरजवंत, कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेले असे आठ प्रकार. हा त्यांचा हक्क आहे, आपले उपकार नव्हेत. मग धान्याची पिशवी हातात देताना त्या बाईचा फोटो कशासाठी? ‘ही जकात आहे’ असे घेणाऱ्याला सांगण्याचीही गरज नसते. देणाऱ्याच्या मनातली नियत पुरते. गरजू भावाबहिणीला देता येते. आईवडिलांना, मुलांना नाही, कारण त्यांना सांभाळणे हे आपले कामच आहे. आणि रमजानपर्यंत थांबलेच पाहिजे असेही नाही. शाळेची फी जूनमध्ये भरावी लागते.