अंगणातील झाडाची छाटणी किती करावी?
(विंचूर येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



बागांविषयी सल्ला देणे हा माझा व्यवसाय. पावसाळा तोंडावर आला की बोलावणी येऊ लागतात आणि मागणी बहुधा एकच असते : "झाड निम्मे उतरवून टाका." निफाड तालुक्यातील मनुष्यास हे सुचावे यात नवल नाही. एप्रिलात खरडछाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा वेल उघडी झालेली आपण पाहतो. परंतु द्राक्षाचे घड नव्या फुटीवर येतात. छाटणी हा त्या वेलीचा धर्मच होय. तो न्याय आंब्यास वा कडुनिंबास लावता येत नाही. निम्मी पाने गेली की झाड साठविलेले अन्न खर्चून घाईघाईने फुटवे काढते. ते दिसतात हिरवेगार. पण खोडाशी वरवरच जडलेले असल्याने पुढे जड होऊन वाऱ्यात मोडतात. छप्पर वाचविण्यासाठी केलेला उद्योग अखेर छपरावरच येतो.

माझे माप असे आहे : वाढलेल्या निरोगी झाडाचा हिरवा पसारा एका वर्षात चतुर्थांशाहून अधिक काढू नये, जुन्या झाडाचा त्याहूनही कमी. वाळलेल्या फांद्या या हिशेबात धरू नयेत. शेवगा तेवढा अपवाद; त्याला कितीही छाटा, तो रुसत नाही!

प्रमाणाइतकीच घावाची जागाही महत्त्वाची. फांदीच्या बुडाशी जे फुगीर कडे असते, ते राखून त्याच्या बाहेर करवत लावावी. अमेरिकेतील वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून दाखवून दिले की, झाडाची जखम आपल्या कातडीप्रमाणे भरून येत नाही. झाड ती आतल्या आत कोंडून टाकते. हा बंदोबस्त त्या कड्यापाशी होतो. तेथेच कापले, तर वर डांबर फासूनही कुजणे थांबत नाही.

मजुरी देऊनही झाड तसेच दिसते, म्हणून यजमान नाराज होतात. दुसरा माणूस बोलावू म्हणणारेही भेटतात. काम गेले तरी चालेल, पण शेंडा मारून देणार नाही, असे मी सांगतो. घरावर आलेली एक फांदी यंदा काढावी, दुसरी पुढील वर्षी. आंबा असल्यास फळे उतरताच हे काम उरकावे. उशीर केल्यास पुढचा मोहोर जातो. आणि झाड समूळच काढावयाचे मनात असेल, तर आंबा, चिंच, जांभूळ यांना १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागू आहे. कुऱ्हाडीआधी परवानगीचा अर्ज करावा.