उडीखालची गादी

16 सप्टेंबर 2025 रोजी टोकियो येथे जागतिक मैदानी स्पर्धेत पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी झाली. न्यूझीलंडच्या हॅमिश करने 2.36 मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळविले. आपल्या नाशिक जिल्ह्यातील देवरगावचा सर्वेश कुशारे 2.28 मीटर ओलांडून सहावा आला. या स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिलाच भारतीय. शेतकऱ्याचा हा मुलगा शाळेत असता मक्याच्या भुशाच्या गादीवर उडी शिकला, हे वाचून मला रात्री झोप आली नाही.

हल्लीचे खेळाडू पाठ खाली करून दांडी ओलांडतात. 1968 साली मेक्सिकोत अमेरिकेच्या डिक फॉस्बरीने 2.24 मीटर उडी मारून ही रीत जगापुढे आणली. अंगाची कमान होत असल्यामुळे गुरुत्वमध्य दांडीखालून गेला तरी शरीर वरून जाते. परंतु पडावयाचे ते पाठीवर. म्हणून खाली मऊ गादी हवी.

आम्हांपाशी आसगावास होती वाळू. एक उंच मुलगा ही उडी शिकवा म्हणून मागे लागला होता. मान मोडेल म्हणून मी त्यास कैची पद्धतीनेच उडी मारावयास लावली. वाळूवर ते योग्यच होते. पण आमच्याकडे धान निघाले की तणसाचे ढीग पडत. ते पोत्यांत भरून पाहण्याची बुद्धी मला झाली नाही.

तो आता धानाची शेती करतो. सर्वेशची बातमी त्यानेच मला आणून दिली.