चावंड ते नार्वे : महाराणा प्रतापसिंहांचा वारसा
(श्रींच्या उत्सवप्रसंगी महाजनांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मेवाडचे महाराणा प्रतापसिंह यांचे चरित्र सांगताना कथेकरी बहुधा हळदीघाटीपाशी थांबतात. चेतक घोड्याची स्वामिनिष्ठा, धन्याचे राजछत्र स्वतःवर धरून प्राण देणारा झाला सरदार, रक्ताने माखलेली ती खिंड, एवढे ऐकून श्रोत्यांचे डोळे पाणावतात आणि आख्यान संपते. परंतु हळदीघाटीचे युद्ध १८ जून १५७६ रोजी झाले आणि महाराणांनी देह ठेवला तो १९ जानेवारी १५९७ रोजी. मधल्या २० वर्षांत त्यांनी जे केले, तोच त्यांचा खरा वारसा होय. आणि धारगळसारख्या गावी, देवालयाच्या मंडपात, तो वारसा विशेष जवळचा वाटावा याला सबळ कारण आहे.

प्रतापसिंहांचा जन्म ९ मे १५४० रोजी कुंभलगडावर झाला. त्याच सुमारास इकडे गोमंतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी आणि लगतच्या बेटांवरील देवालये जमीनदोस्त केली. १५६७ साली साष्टीतील देवळांवर तोच प्रसंग ओढवला आणि १५६८ च्या फेब्रुवारीत चितोडगड अकबराच्या हाती पडला. दोन प्रांतांमध्ये शेकडो कोसांचे अंतर, एकाची दुसऱ्यास वार्ताही नाही. पण एकाच पिढीत मेवाडची राजधानी गेली आणि गोमंतकाची देवस्थाने गेली.

१५७२ मध्ये प्रतापसिंह गादीवर आले तेव्हा चितोड परक्यांकडेच होते. हळदीघाटीत मोगली सैन्याचे नेतृत्व आमेरच्या मानसिंहाकडे होते, तर महाराणांच्या बाजूने हकीमखान सूर हा पठाण लढला आणि राणा पुंजा यांचे भिल्ल लढले. तेव्हा हा झगडा केवळ दोन धर्मांचा होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तो स्वत्वाचा झगडा होता. रणांगणात जय मिळाला नाही, पण महाराणा शत्रूच्या हाती लागले नाहीत आणि त्यांनी मान तुकविली नाही. पुढे अरवलीच्या डोंगरांत हालअपेष्टांचे दिवस आले. त्या काळी भामाशहा या प्रधानाने आपले संचित द्रव्य राण्यांच्या चरणी वाहिले, असे परंपरा सांगते. १५८२ मध्ये दिवेर येथे महाराणांनी मोगली ठाण्यावर विजय मिळविला आणि त्यानंतर चितोड व मांडलगड वगळता बहुतेक मेवाड परत घेतले.

चितोड मात्र त्यांच्या हयातीत आले नाही. अशा स्थितीत दुसरा एखादा राजा चितोड मिळेपर्यंत तंबूतच राहिला असता, अथवा निराश होऊन तहाला बसला असता. महाराणांनी यांपैकी काहीच केले नाही. १५८५ च्या सुमारास त्यांनी डोंगराळ मुलखातील चावंड या गावी राजधानी स्थापिली, तेथे वाडे उभारले, चामुंडा मातेचे देऊळ बांधले. त्यांच्याच आश्रयाने चक्रपाणी मिश्र या पंडिताने ‘विश्ववल्लभ’ हा ग्रंथ रचला. त्याचा विषय कोणता? भूमीखालील पाण्याचा शोध, वृक्षांची लागवड आणि त्यांचे संगोपन! ज्याच्या मस्तकावर नित्य युद्धाचे सावट, त्या राजाच्या पदरी विहिरी आणि झाडे यांवर ग्रंथ लिहिला जातो, ही गोष्ट मननीय आहे. आश्रयाच्या जागेला त्यांनी तात्पुरती मानले नाही. तिला राजधानीची प्रतिष्ठा दिली.

याच तत्त्वाचे साक्षात उदाहरण गोमंतकात डिचोली महालात आहे. श्रीसप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे आराध्य दैवत. त्यांच्या नाण्यांवरही या देवाचे नाव आहे. दिवाडी बेटावरील नार्वे येथील त्याचे देवालय पोर्तुगिजांनी पाडले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूस नेले. देवाबरोबर गावाचे नावही नदी ओलांडून गेले आणि त्या नव्या वसतीलाही लोक नार्वे म्हणू लागले.

पुढे शंभराहून अधिक वर्षांनी तेथे छत्रपती शिवाजी महाराज आले. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या वेळी भोसले कुळाचा संबंध मेवाडच्या सिसोदिया घराण्याशी जोडला गेला. या वंशावळीविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु रक्ताचा वारसा वादाचा असला तरी वृत्तीचा वारसा नार्वे येथे स्पष्ट दिसतो. १६६८ च्या शरदात गोवा शहरात आपली माणसे गुप्तपणे शिरविण्याचा महाराजांचा बेत पोर्तुगीज विजरईला कळला आणि फसला. दिवाडी बेट पोर्तुगिजांकडेच राहिले. तरीही त्याच वर्षी, शके १५९०, कार्तिक वद्य पंचमीस, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, महाराजांच्या आज्ञेने श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाच्या बांधकामास आरंभ झाला. तसा शिलालेख देवळाच्या द्वारावर आहे. मूळ स्थान हाती येईल तेव्हा पाहू, असे महाराज म्हणाले नाहीत. देवाने जेथे आसरा घेतला, तेथेच त्याला देवालय दिले. चावंड येथे प्रतापसिंहांनी जे केले, तेच हे.

आता धारगळकडे वळावे. गावाच्या दक्षिणेस कोलवाळची नदी वाहते. तिच्या पलीकडचे बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. अलीकडचा पेडणे महाल मात्र १७८८ पर्यंत त्यांच्या अमलाबाहेर राहिला. सुमारे २४५ वर्षे ही नदी म्हणजे एक सीमारेषा होती. बार्देशातील कित्येक देवतांना भाविकांनी रात्री-अपरात्री या नदीतून पेडणे-डिचोलीकडे आणले. ज्यांनी आणले त्यांच्यापाशी सैन्य नव्हते, किल्ले नव्हते. त्यांनी गवताच्या छपराखाली देव ठेवला, पण पूजा चुकविली नाही. कुळागरातील नारळ-पोफळीच्या उत्पन्नातून नंदादीपाचे तेल आले. महाजन या शब्दाचा मूळ अर्थ तोच. १९३३ च्या देवस्थान कायद्याने महाजनांची नोंदवही, निवडणुका आणि हिशेब यांना नियमांची चौकट दिली, परंतु कर्तव्य त्याच्या कितीतरी पूर्वीचे आहे.

राजा देवालय बांधतो; ते चालवितात ती माणसे निराळी असतात. नार्वे येथे महाराजांनी पाया घातला, पण त्यानंतर साडेतीन शतके दिवा लावला तो महाजनांनी, पुजाऱ्यांनी आणि सेवेकऱ्यांनी. म्हणूनच गोवा शासनाने जीर्णोद्धार करून २०२३ मध्ये ते देऊळ पुन्हा भाविकांस खुले केले, तेव्हा तेथे केवळ एक प्राचीन वास्तू नव्हती, जागते दैवत होते.

आज महाजन कुटुंबांतील मुले मुंबई-पुण्यास आणि परदेशी स्थायिक आहेत. पालखीला खांदा देण्यास माणसे अपुरी पडतात, वर्गणी येते पण माणूस येत नाही. हे तरुणांस दोष देण्यासाठी नव्हे. जेथे पोट भरते तेथे माणसाने जावे. देवही एकदा गाव सोडून आला आहे. मात्र जो जेथे राहील त्याने ती जागा चावंडसारखी प्रतिष्ठित करावी आणि मूळ देवस्थानाचे नाते तोडू नये. वर्षातून एकदा सभेस यावे, हिशेब वाचावा, मुलाला नोंदवहीतील पणजोबाचे नाव दाखवावे. भामाशहाने द्रव्य दिले, भिल्लांनी बाहुबळ दिले, पंडिताने ग्रंथ दिला. ज्याच्यापाशी जे होते ते त्याने दिले, म्हणून मेवाड टिकले.

महाराणा प्रतापसिंहांच्या नावाने जयघोष करणे सोपे आहे. गेलेल्या चितोडचे दुःख उरात बाळगूनही चावंडात झाडे लावणे कठीण आहे. ते बळ या देवस्थानच्या प्रत्येक महाजन कुटुंबास लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.